वजा बेचाळीस

९ नोव्हेंबर

पप्पांनी दहावीचा फॉर्म भरला. सतरा नंबर, बाहेरून बसणाऱ्यांचा. मी यंदा दहावीला, तेही यंदा दहावीला. आई म्हणते, "चांगलंय की, एकमेकांना सोबत." सोबत म्हणे!

कारण कंपनी. अंबडला, पावडर कोटिंग खात्यात सुपरवायझरची जागा निघणार आहे. पप्पा तिथे माझ्या जन्माआधीपासून आहेत, पण नवीन मॅनेजर म्हणाला दहावी पासचं सर्टिफिकेट दाखवा, नाहीतर सागरला करतो. सागर म्हणजे पप्पांच्या हाताखालचा डिप्लोमावाला पोरगा. स्प्रे गन कशी धरायची ते पप्पांनीच शिकवलं त्याला. जूनमध्ये ठरणार.

बाकीचे विषय ते मारून नेतील. गणितात शाळेत असताना नापास झाले होते, आताही होतील. म्हणून काल जेवताना जाहीर झालं की ऋतुजा शिकवेल. ऋतुजाला कोणी विचारलं नाही. या घरात मला फक्त मार्क विचारतात.

एकलहऱ्याच्या आत्याचा फोन: "बाप-लेक बरोबर पास झाले की पेपरात फोटो येतो गं, पेढा भरवतानाचा." मी पेढा भरवणार नाही. आधीच लिहून ठेवते.

१२ नोव्हेंबर

पहिला तास. कंपनीतून आले, अंघोळ केली, भांग पाडला. शिकायला बसायचं म्हणून भांग! केसांच्या मुळाशी रंगाची पावडर राहतेच तरी. आज निळी. प्लास्टिकच्या स्टुलावर बसले, खुर्चीत मी.

विचारलं, वर्ग म्हणजे काय? म्हणाले, "तेच ते दोनदा गुणायचं." बरोबर होतं, तरी मी तोंड वाकडं केलं.

नियम सांगितला. चूक झाली की ती मोठ्याने म्हणायची, स्वयंपाकघरात आईला ऐकू जाईल अशी. "तुमचाच नियम आहे," मी म्हटलं. म्हणाले, "चालंल की." काही ओळखीचं वाटलं नाही त्यांना.

१६ नोव्हेंबर

वर्गसमीकरण सुरू. सोडवायच्या तीन पद्धती: अवयव, पूर्ण वर्ग, सूत्र. अ.प., पू.व., सू.प. रोज एवढं कोण लिहिणार.

अ.प. घेतली आधी. दोन आकडे शोधायचे, गुणले की शेवटचा यायला हवा, मिळवले की मधला. x² + 8x − 48 = 0. बारा आणि वजा चार सापडले त्यांना, बऱ्याच वेळाने का होईना. चेहरा असा की लॉटरी लागली. मग (x + 12)(x − 4) = 0 लिहिलं आणि खाली ठोकून दिलं: x = 12, x = −4. चिन्हं उलटी. कंस शून्य करून बघायचा असतो, तो केलाच नाही.

सगळेच पहिल्यांदा ही चूक करतात. मीही केली होती. देवरे मॅडमनी माझ्या वहीत नुसता गोल केला होता लाल. मी पप्पांना म्हणायला लावलं. "मी कंस शून्य केला नाही." परत. "मी कंस शून्य केला नाही." अजून मोठ्याने. आई कणीक मळायची थांबली.

मजा आली. स्वतःच्या डायरीत खोटं कशाला लिहू.

१९ नोव्हेंबर

सेकंड शिफ्ट. तास नाही. घर शांत.

२३ नोव्हेंबर

3x² = 12x. दोन्हीकडचा x उडवला, x = 4, पेन खाली.

"दुसरं उत्तर कुठंय?"

"दुसरं कशाला? एक आलं ना."

x शून्य असू शकतो म्हटलं. तुम्ही शून्याने भागून मोकळे झालात. तर म्हणतात, "शून्य हे काय उत्तर हाय का? काहीच नाय म्हणजे उत्तरच नाय." मी म्हटलं हे पेपर तपासणाऱ्याला सांगा, तो मार्कही तेवढेच देईल. हसले! खळखळून. मला त्यांच्या हसण्याचा फार राग येतो. मी चुकले की या घरात कोणी हसायचं नाही.

३० नोव्हेंबर

पू.व. बाद. दोन्ही बाजूंना तीच संख्या मिळवायची हे पप्पांना पटतच नाही. x² + 6x घ्या, सहाचं अर्धं तीन, तीनचा वर्ग नऊ, नऊ मिळवले की (x + 3)² तयार. कागदाचा चौकोन कापून दाखवला, त्याला दोन बाजूंनी पट्ट्या लावल्या, कोपरा रिकामा राहतो तो नऊचा. सगळं बघितलं आणि म्हणाले, "पण ते नऊ आले कुठून? इथं नव्हते ना आधी."

परत सांगितलं. परत तेच. "फुकटचे नऊ."

शेवटी मी म्हटलं, सोडा, हे तुमच्या डोक्याबाहेरचं आहे. वही मिटली त्यांनी. "मला शाळेत पण हेच म्हनले होते गुरुजी."

मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, त्या गुरुजींना कळत होतं.

७ डिसेंबर

आज शाब्दिक उदाहरण. मीच बनवलं. वडिलांचं वय मुलीपेक्षा सत्तावीस वर्षांनी जास्त. दोघांच्या वयांचा गुणाकार सहाशे तीस. वयं काढा. आमचीच वयं घातली होती, पप्पा बेचाळीस, मी पंधरा. त्यांना लगेच कळलं, खूश झाले.

मुलीचं वय x. x² + 27x − 630 = 0. अवयव: (x + 42)(x − 15) = 0. यावेळी चिन्हंसुद्धा बरोबर घेतली. x = −42 किंवा x = 15.

बघतच राहिले. "मी वजा आलो की गं."

"वय वजा असतं का? खोडा."

"मला खोडू?"

"बाजूला लिहा, वय ऋण नसते. आणि खोडा."

पट्टी घेतली आणि वजा बेचाळीसवर सरळ रेघ मारली. मग आईला हाक मारून वही दाखवली. "बघ, लेक राहिली, मी गेलो." आई म्हणाली असलं अभद्र बोलू नका, आणि उठून देवापुढे निरांजन लावलं. ते पास झाले की त्र्यंबकला अभिषेक बोललीये ती. माझ्यासाठी काही बोललेली नाही. मी पास होणारच आहे ना.

गणित फार आवडलं मला. असं उत्तर येईल हे बनवताना डोक्यात नव्हतं. पण आलं.

११ डिसेंबर

पप्पा आता सगळीच ऋण उत्तरं खोडतात. कुठलंही गणित असो. x = −3, x = −5 आलं, पट्टी घेतली, दोन्हीवर रेघ, खाली "उत्तर नाही". म्हटलं हे वयाचं नाहीये, नुसता x आहे, तो वजा असला तर असू दे. "हां हां." पुढच्या गणितात परत पट्टी.

मी शिकवलेलं एवढं एकच पक्कं बसलं, तेही नको तिथे.

१४ डिसेंबर

आज विचारलं. किती दिवस तोंडाशी होतं.

मी तिसरीत होते. सातचा पाढा. सात आठे छप्पन्नच्या जागी चोपन्न म्हणत होते, सारखी. पप्पांनी पाटीवर लिहिलं 'मला सातचा पाढा येत नाही', पाटी दोरीने माझ्या गळ्यात अडकवली आणि जिन्यात उभं केलं. आमचा मजला मधला, अख्खी बिल्डिंग तिथून जाते-येते. खालच्या काकू, त्यांच्याकडचे पाहुणे, गॅसवाला. गॅसवाल्याने वाकून वाचलं. चड्डीत झाली मला तिथे. उभी राहिले तशीच, बोलावलं नव्हतं ना अजून.

हे मी आजपर्यंत कुठेच लिहिलेलं नाही.

"पप्पा, मला पाटी अडकवून जिन्यात उभं केलं होतं, आठवतं का तुम्हाला?"

विचार केला त्यांनी. खरंच केला, वर पंख्याकडे बघून. "नाय गं. असं कधी केलं मी?" आणि लगेच, "पुढचं दे."

मी अजून त्या जिन्यातून मान खाली घालून उतरते. आणि यांना पुढचं हवंय.

१५ डिसेंबर

आज सू.प. शिकवायची होती. तेवढीच राहिलीये. अवयव पडत नसले तरी सूत्राने सुटतं, कसलंही समीकरण असो. आकडे टाकायचे, उत्तर काढायचं. पप्पांसारख्यांसाठीच केलीये ती पद्धत. आणि पेपरात तिच्यावर प्रश्न असतोच, मॅडम वर्गात ओरडून सांगतात.

"आता कोणती?" पप्पा.

"झालं. संपला धडा."

"पुस्तकात पुढं तो मोठा भागाकार हाय ना, वर मुळाचं चिन्ह असलेला?"

"ते यंदा वगळलंय. करोनात नव्हता का पोर्शन कमी केला, तसं."

"बरं झालं बाबा," म्हणाले आणि पुस्तक मिटलं. एकदाही खोदून विचारलं नाही. मी सांगितलं म्हणजे बोर्डाने सांगितलं.

हात गार पडलेत लिहिताना. थंडी आहे खूप.

२१ डिसेंबर

रविवार. सकाळी एकच गणित दिलं. x² + 6x + 4 = 0. "अवयव पाडा. गुणाकार चार, बेरीज सहा."

अशी जोडीच नाही. एक आणि चार घ्या, बेरीज पाच. दोन आणि दोन घ्या, बेरीज चार. संपल्या जोड्या. हे सूत्रानेच होतं. मला माहीत होतं.

मिसळ खायला गेले नाहीत. रविवारची मिसळ कधी चुकत नाही त्यांची, मित्र खाली येऊन हॉर्न वाजवून गेले. कंपनीतल्या जुन्या चलनांच्या कोऱ्या बाजूवर आकडे, आकडे, आकडे. जेवले, परत बसले. दुपारी पाठ टेकली नाही. मी पलंगावर पडून मोबाईल बघत होते आणि मधूनमधून त्यांना. पिक्चर बघतात तसं.

चहाच्या वेळेला म्हणाले, "पाऊण आणि सव्वापाच घेतलं ना, की बेरीज सहा येती आणि गुणाकार चारच्या जवळ जातो गं. जरासा कमी पडतो."

"जवळ गेल्याचे मार्क नसतात." हे वाक्य त्यांचंच. चाळीसपैकी अडतीस मार्क आणले होते तेव्हा मला ऐकवलेलं.

"नाय जमत बहुतेक मला," ते म्हणाले.

मी परत मोबाईल बघायला लागले. चलनं गोळा करून डब्याच्या पिशवीत ठेवली त्यांनी, उद्या जेवणाच्या सुट्टीत बघतो म्हणाले.

२८ डिसेंबर

परत ऋण उत्तरावर रेघ मारली. कितव्यांदा.

मी कपाटामागचा पुठ्ठा काढला. स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहिलं: 'मला चिन्हं समजत नाहीत'. दोन भोकं पाडून सुतळी ओवली. "गळ्यात घाला. जिन्यात उभे राहा."

वाटलं, उठून कानाखाली देतील. तेच हवं होतं मला बहुतेक. मग शिकवणं संपलं असतं आणि दोष त्यांचा राहिला असता. पण त्यांनी पुठ्ठा वाचला, पट्टी वहीत ठेवली आणि विचारलं, "किती वेळ?"

"मी बोलवेपर्यंत."

चप्पल घातली, पुठ्ठा घातला, गेले.

दार थोडं उघडं ठेवून मी मागे उभी. खालच्या काकू गच्चीत कपडे वाळत घालायला निघाल्या होत्या. "अगं बाई! भाऊ, हे काय? नाटकबिटक हाय का कंपनीत?"

"नाय. शिकतोय," पप्पा म्हणाले.

काकू हसल्या. मग हसायच्या थांबल्या. मग बादली घेऊन वर गेल्या.

बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं थोडं. आत बोलावल्यावर मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं, आता तरी आठवलं असेल. काही नाही. पुठ्ठा काढून नीट कपाटामागे सरकवला आणि स्टुलावर बसले. "पुढचं दे."

२९ डिसेंबर

भाजीत मीठ जास्त झालं. पप्पांनी वाटी भिंतीवर फेकली, रस्सा टीव्हीपर्यंत. "इतकी वर्षं झाली, मिठाचा अंदाज येत नाय तुला? बोल. मोठ्यानं बोल."

"मीठ जास्त पडलं," आई म्हणाली.

"मोठ्यानं."

"मीठ जास्त पडलं."

ते कंपनीत गेले. आईने भिंत पुसली, टीव्ही पुसला, फडकं पिळलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चिडली की तिची सटाण्याकडची बोली बाहेर येते. "तो तुना बाप शे!" मग नेहमीच्या आवाजात, हळू: "तू त्यांना जिन्यात उभं केलंस काल. ते माझ्यावर निघालं आज. कळतं ना?"

कळतं.

"तुझ्यात ते अख्खे उतरलेत, ऋतुजा. नाक तेवढं माझं."

मी म्हटलं, मग तू जात का नाहीस इथून? म्हणाली, तुझी दहावी होऊ दे. सगळ्यांचं सगळं माझ्या दहावीला टांगून ठेवलंय.

२ जानेवारी

पुठ्ठा फेकला नाही. तिथेच आहे. आईलाही माहितीये, ती त्याच्यामागचं झाडत नाही.

१८ जानेवारी

पूर्वपरीक्षा. बीजगणितात चाळीसपैकी चाळीस.

पप्पांनी माझ्या उत्तरपत्रिकेचा फोटो काढून कंपनीत सगळ्यांना दाखवला म्हणे. जाधवकाकांचा अभिनंदनाचा फोन. ते पप्पांच्या शेजारच्या रंगाच्या बूथवर असतात, त्यांचा मुलगा गेल्या वर्षी दहावी झाला. मला पप्पा काही बोलले नाहीत. आईला म्हणाले, "चाळीस. माझ्यावर गेलीये."

आईने माझ्याकडे बघितलं.

त्यांची अ.प. आता सुसाट आहे. बघता बघता जोडी काढतात. ऋण आलं की मात्र हात पट्टीकडे जातोच, मग माझ्याकडे बघतात, मग कधी रेघ मारतात कधी नाही.

६ फेब्रुवारी

सागरला तात्पुरतं सुपरवायझर केलं. निकाल लागेपर्यंत, म्हणाला मॅनेजर. पप्पा त्याला सगळ्यांसमोर "सर" म्हणाले. तो लाजून म्हणाला, "काका, असं नका ना." पप्पांनी हे जेवताना सांगितलं, हसत. आई ताटावरून उठून गेली. तरी भांग पाडून स्टुलावर आले. "दे गं."

आज सांगणार होते. सू.प. आहे, मी खोटं बोलले, दोन दिवसांत शिकवते. अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यांना पेनचं टोपण दिसेना. "टोपण कुठं टाकलंस? अक्कल नाय का काडीची?"

नाही सांगितलं. एका टोपणावरून.

२३ फेब्रुवारी

परीक्षा सुरू. माझं सेंटर वेगळं, त्यांचं वेगळं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेले. गेटवर पोरं त्यांना विचारत होती, "सर, आमचा हॉल कोणता?" आल्यावर आईला दोनदा सांगितलं. आवडलेलं दिसलं.

४ मार्च

उद्या गणित, भाग एक.

सांगितलं. संध्याकाळी, ते कंपासपेटी भरत होते तेव्हा.

"पप्पा, सूत्राची पद्धत आहे पोर्शनला. वगळलेली नाही. मी खोटं सांगितलं होतं."

पट्टी पुसत होते शर्टाच्या टोकाने. "माहितीये."

मी विचारलं, कधीपासून?

"ते सहा आणि चारचं गणित दिलं होतं ना, दिवसभर बसलो होतो. दुसऱ्या दिवशी जाधवला दाखवलं. त्यानं पोराला फोन लावला. पोरगा म्हनला हे सूत्रानं होतं, आणि पोर्शनमधे हाय."

"मग जाधवकाकांच्या मुलाकडून शिकून का नाही घेतलं? मला का नाही बोललात?"

"तू कधी सांगती ते बघत होतो."

म्हणजे पुठ्ठा घालून जिन्यात उभे राहिले तेव्हा माहीत होतं. वाटी फेकली तेव्हा माहीत होतं. सागरला सर म्हणाले तेव्हाही. मला वाटत होतं मी त्यांना नसलेली जोडी शोधायला बसवलंय. आणि हा माणूस जागा जाऊ द्यायला तयार होता, नापास व्हायला तयार होता, कशासाठी, तर पोरगी किती खाली जाते ते बघायला. मला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं. असला राग मला कधी आला नव्हता, आणि असलं घाबरायलाही कधी झालं नव्हतं. कारण मीही हेच केलं असतं.

"आता सांगितलंस ना," ते म्हणाले आणि स्टूल ओढलं. "शिकव."

शिकवलं. a, b, c वेगळे काढा. वजा b, अधिक किंवा वजा, मुळाच्या चिन्हात b चा वर्ग वजा चार ac, सगळ्याला भागिले दोन a. आरती म्हणतात तसं म्हणत होते, मान हलवत. आई दूध ठेवून गेली. गणितं यायला लागली. एक, दुसरं, मग भराभर. शेवटी मी तेच दिलं, x² + 6x + 4 = 0. केलं त्यांनी. −3 + √5 आणि −3 − √5.

"मुळात पाच म्हणजे किती?"

"सव्वादोनच्या जरा खाली."

पुटपुटत बोटांवर हिशोब केला. "मग एक पाऊणच्या आसपास, दुसरं सव्वापाचच्या. वजा असले तरी. जवळ होतो की गं मी."

मी हो म्हटलं. पहिल्यांदाच. आणि तेवढ्यात त्यांनी पट्टी घेतली आणि दोन्हीवर रेघ मारली.

"पप्पा!"

"हां हां. वयाचं नाय हे. कळलं."

उद्या पट्टी नेऊ नका म्हणणार होते. पण आलेखाला पट्टी लागते.

५ मार्च

मला सगळं आलं. लिहिण्यासारखं नाही त्यात काही.

सूत्राचं आलं होतं. x² + 8x + 3 = 0, सूत्राने सोडवा. दोन्ही मुळं ऋण. मी सोडवलं आणि पेन थांबलं. हेच गणित आत्ता त्यांच्यापुढेही आहे, शेजारी पट्टी आहे. बाकीचा पेपर झाल्यावर नुसती बसून राहिले. बाईंनी दोनदा विचारलं, झालं असेल तर देतेस का पेपर?

घरी आले तर ते आधीच आलेले, पांढऱ्या शर्टातच जमिनीवर बसलेले. आई स्वयंपाकघराच्या दारात.

"सूत्राचं?"

"केलं."

"काय आलं?"

"वजा चार, अधिक आणि वजा मुळात तेरा."

बरोबर! अगदी बरोबर. मी आईकडे बघितलं, तिला त्यातलं काही कळत नव्हतं तरी ती हसली.

"खोडलं नाही ना?"

"खोडलं."

"दोन्ही?"

"दोन्ही. मग तू म्हनली ते आठवलं, वयाचं नाय म्हणून. खाली परत लिहिलं. मग वाटलं, दोन दोन वजा ठेवायचे, असलं कसं उत्तर. परत पट्टी घेतली. तेवढ्यात घंटा झाली."

"मग शेवटी काय ठेवलं?"

विचार केला त्यांनी. वर पंख्याकडे बघून. हे तोंड मी ओळखते.

"आठवत नाय गं."

१९ मार्च

पेपर संपले. त्यांचा गणिताचा एकेक प्रश्न विचारून मी मार्क धरून बघितले, भूमितीसकट. काठावर आहेत. ते एक गणित धरलं तर पास, नाही धरलं तर नाही. कसंही धरलं तरी तिथेच येऊन थांबतं. सागर अजून सर आहे. आत्याने फोटोसाठी साडी काढून ठेवलीये म्हणे.

पप्पा आता संध्याकाळी भांग पाडत नाहीत. स्टूल बाथरूममध्ये गेलं.

आज परत विचारलं. त्यांना चप्पल घालताना गाठलं, जिन्यातच. दोन्ही विचारलं. शेवटी उत्तर ठेवलं की खोडलं? आणि मला इथे पाटी घालून उभं केलं होतं, ते खरंच आठवत नाही का?

थांबले. कठड्याला हात लावून उभे राहिले, पुठ्ठा घालून उभे होते त्याच पायरीवर. बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मला वाटलं बोलतील. किंवा परत बघतायत, मी काय करते ते.

"निकालाला कळंल की," म्हणाले आणि खाली उतरले.

एकाचं कळेल.